मागच्या चाकातली टकटक

"आवाज येतोय तवर भिऊ नगा, सूनबाई. ज्या दिवशी आवाज बंद हुईल त्या दिवशी मला सांगा. आवाज आपसुक जात नसतोय."

गाडीचे जुने मिस्त्री पाशाचाचा हे म्हणाले तेव्हा शिवांजलीच्या कानाला फोन होता. तिच्या तान्ह्या शरणूचा ताप उतरत नव्हता आणि पलीकडून दवाखान्यातली मुलगी नंबर कधी लागेल ते सांगत होती. तिने पाशाचाचांना हातानेच 'बरं, बरं' केलं आणि आत निघून गेली. गाडीचा आवाज बंद झाला तर चांगलंच की, त्यात सांगायचं काय, असं तिच्या मनात आलं. शरणूचा ताप उतरला तसं तिच्या डोक्यातून तेही उतरून गेलं.

गाडी तिच्या सासऱ्यांची, धोंडप्पांची. दोनच सीटची, टपाविना, कमरेइतकी बुटकी, विलायती. परळीला वीजकेंद्र उभं राहत होतं त्या काळात हैदराबादकडचा कुणी इंजिनिअर ती घेऊन आला आणि बदली झाल्यावर धोंडप्पांच्या वडिलांना देऊन गेला. अंबाजोगाईत तिला कंपनीच्या नावाने कुणी ओळखत नाही. सगळे तिला 'उघडी' म्हणतात. 'धोंडप्पाशेठची उघडी चालली' म्हटलं की पानटपरीवरची माणसं वळून बघतात, आणि हे बघणं धोंडप्पांना आवडतं. जिनिंगचा धंदा त्यांनी कधीच बंद केला, दुकान मुलाच्या, वीरेशच्या ताब्यात दिलं, पण रोज सकाळी उघडी पोर्चमधून काढून गावाला एक चक्कर मारायची हे काही सोडलं नाही.

आवाज यायचा तो हाच. उघडीचा मागचा गिअर पडला की मागच्या डाव्या चाकाकडून 'टक्'. रस्त्यावर येऊन पुढचा गिअर पडला की पुन्हा 'टक्'. फार मोठा नाही. कुणी अडकित्त्याने सुपारी फोडावी एवढाच. पण पोर्चच्या वरच्याच खोलीत शरणू झोपलेला असायचा आणि त्या दुसऱ्या 'टक्'ला नेमका उठायचा. उठला की रडायचा. रडला की शिवांजलीची सकाळ संपली.

तिचं कान देऊन असणं घरात सगळ्यांना माहीत होतं. शरणू वेळेआधी जन्मला. पहिले काही आठवडे तो काचेच्या पेटीत होता आणि ती बाहेर बाकावर बसून यंत्राचा आवाज ऐकत होती. तेव्हापासून तिचे कान काही मिटले नाहीत. कुकरची शिट्टी उशिरा झाली, पंख्याने सूर बदलला, शरणूने श्वास जरा जोरात घेतला की ती हातातलं टाकून उभी. वीरेश तिला गमतीने 'चौकीदार' म्हणायचा. सासूबाई, महानंदाबाई, म्हणायच्या, "पोरी, एवढं जपायला लागलीस तर पोराला सावलीचं बी भ्या वाटंल."

माघ लागला आणि धोंडप्पांनी जेवताना जाहीर केलं, "जावळ परळीला काढायचं. वैजनाथाच्या पायथ्याशी. वीरेशचं बी तिथंच काढलं. उघडीतच नेलतं त्याला. आता शरणूला नेतो."

"मागच्या सोमवारी बोलले असते तर पंचांग तरी बघितलं असतं," महानंदाबाई म्हणाल्या.

धोंडप्पा भाकरी मोडत राहिले. "पोरगं सूनबाईच्या मांडीवर, सूनबाई माझ्या शेजारी. वीरेश आन् तुमी मागून या, त्या डब्यातून." डबा म्हणजे वीरेशची चार दारांची, काचा वर होणारी साधी गाडी.

शिवांजलीचा घास हातातच राहिला. अंबाजोगाईहून परळीला जायचं म्हणजे घाट. घाटात उसाच्या ट्रॉल्या, राखेचे टँकर. आणि त्यातून टप नसलेल्या गाडीत, मांडीवर पोर.

"मामा, त्या गाडीत पट्टा नाही," ती म्हणाली.

"हं."

"आणि मागून तो आवाज येतो ना, टक् टक्. तो कशाचा ते कळल्याशिवाय मी नाही बसवणार शरणूला."

धोंडप्पांनी तिच्याकडे पाहिलं. नीट, तोंडाकडे. मग म्हणाले, "आवाज व्हय? बघू."

"त्यांना काय सांगतीस?" महानंदाबाई ताटात वरण वाढत म्हणाल्या. "लग्न हून आले तवापासनं सांगतेय मी. एक गोष्ट ऐकली न्हाई ह्या माणसानं."

त्यानंतर थोड्याच दिवसांत एका सकाळी शिवांजली पोर्चच्या वरच्या खोलीत दुपट्यांच्या घड्या करत होती. खाली उघडी सुरू झाली. गाडी उलटी गेली. रस्त्यावर लागली. निघून गेली. शरणू पालथा, गाल गादीवर दाबून, झोपलेलाच.

तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण काय ते कळेना. चहा निवांत प्यायला मिळाला, तोही गरम, आणि त्या गरम चहाचा आनंद एवढा होता की तिने जास्त विचार केला नाही. दुसऱ्या सकाळीही तेच. तिसऱ्या सकाळी ती मुद्दाम गॅलरीत जाऊन उभी राहिली. मागचा गिअर पडला. काही नाही. पुढचा पडला. काही नाही. धोंडप्पांनी गाडी थांबवून वर पाहिलं आणि हाताने विचारलं, पोरगं झोपलंय का? तिने मान हलवली. धोंडप्पा खूश होऊन निघून गेले.

ते परत आल्यावर तिने विचारलं, "मामा, गाडी कुणी दुरुस्त केली?"

"झोपलं व्हतं न्हवं पोरगं?"

"झोपला होता. पण आवाज कसा गेला?"

"गेला न्हवं? मंग झालं." आणि ते पेपर घेऊन बसले.

आता शिवांजलीची गोष्ट अशी की तिला भीती वाटायची तशी उत्सुकताही वाटायची, आणि दोन्ही एकदम वाटायला लागल्या की तिला बसवत नसे. कॉलेजात तिचा विषय फिजिक्स होता. लोखंड लोखंडावर आपटतं म्हणून आवाज येतो. मग आपटायचं थांबलं कसं? कुणी पाना लावलेला तिने पाहिला नव्हता. पाशाचाचांचा अल्ताफ घरी आला नव्हता. आणि तेव्हा, दुपट्याची घडी हातात असताना, पाशाचाचांचं ते वाक्य तिला जसंच्या तसं आठवलं.

दुपारी घर झोपल्यावर तिने पोर्चमध्ये पोतं अंथरलं, साडीचा पदर कमरेला खोचला आणि मोबाइलचा दिवा लावून उघडीच्या मागून आत सरकली. गाडी इतकी बुटकी की मान वाकडी करावी लागली. वर बघते तर मधोमध एक लोखंडी गोळा, त्यातून दोन्ही बाजूंना चाकांकडे गेलेले दोन दांडे. उजवा दांडा गोळ्याला जिथे मिळत होता तिथे गंज आणि धूळ. डावा जिथे मिळत होता तिथे मात्र काळा कुळकुळीत बोळा, कुणीतरी बोटाने दाबदाबून कोंबलेला. तिने नखाने थोडा ओढला. चिकट. आत कापूस होता. तिने वास घेतला आणि चकित झाली. शरणूचं पोट दुखलं की महानंदाबाई त्याच्या बेंबीभोवती जे चोळायच्या तेच हे. एरंडेल.

तासाभरात ती स्कूटीवरून पाशाचाचांच्या गॅरेजवर होती. पिशवीत तो बोळा.

गॅरेज आता त्यांचा मुलगा अल्ताफ चालवतो. पाशाचाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, म्हणून ते एका जुन्या जीपच्या काढून ठेवलेल्या सीटवर बसून नुसते हुकूम सोडतात. त्यांच्या मते मराठवाड्यातली अर्धी वाहनं त्यांच्याच हातून चालू झाली आणि उरलेली अर्धी त्यांना न विचारल्यामुळे बंद पडली.

"काय आणलं भाभी, कोळसा?" अल्ताफ ट्रॉलीखालून म्हणाला.

"उघडीच्या मागच्या दांड्यात होतं."

पाशाचाचांनी बोळा हातात घेतला, चोळला, नाकाशी नेला. आणि असे हसायला लागले की सीटची स्प्रिंग करकरली. "या अल्ला! वंगण हाय हे! बैलगाडीचं वंगण! एरंडीचं तेल, जळल्या चिंध्यांची राख, आन् हा कापूस. अल्ताफ, बघ बे. लहानपणी गाडीचा कणा लई करकरायला लागला का आमी ह्येच कोंबायचो. बाजारला जाताना बैलं बुजू नयेत म्हणून."

"पण हे कुणी…"

"कुणी म्हंजी? जिनिंगवाल्याबिगर एवढा चांगला कापूस कोण वाया घालवंल? धोंडप्पानं! विलायती गाडीला बैलगाडी करून टाकलं!"

अल्ताफही हसला. शिवांजलीलाही हसू आलं. मग पाशाचाचा एकदम थांबले.

"आवाज कवा बंद झाला?"

"या आठवड्यात."

"रोज चालवतोय?"

"रोज."

"मी तुमाला काय बोललतो?"

"बोलला होतात, चाचा. मी ध्यानात नाही घेतलं."

"बरं, ते जाऊ द्या. आता गाडी जागची हलू देऊ नका. किल्ली काढून घ्या."

"मामांच्या हातून मी किल्ली कशी काढून घेऊ?"

"तुमी कावून घेता? पोराला द्या खेळायला. पोराच्या हातातनं कुणाची हिंमत हाय काढून घ्यायची?"

तसंच झालं. शरणूने किल्ली तोंडात धरली ती सोडेना. धोंडप्पा दोनदा पोर्चमध्ये गेले, दोनदा परत आले, नातवाकडे बघून हसले आणि पायीच चक्कर मारून आले.

डाव्या दांड्याच्या सांध्यात तुटायला आलेल्या भागाला अल्ताफ 'क्रॉस' म्हणत होता. गाडीची एक चार सीटची बहीण पूर्वी मद्रासला बनायची, तिला लागणारा क्रॉस हिलाही चालतो. हैदराबादच्या एका जुन्या दुकानदाराकडे दोन होते. ते ट्रॅव्हल्सच्या गाडीतून पुडक्यात आले. सोमवारी जावळ. शनिवारी सकाळी अल्ताफ लाकडी फळीवर बसवलेला, लोखंड आवळून धरायचा शिकंजा घेऊन घरी आला. पाशाचाचाही आले, खुर्ची मागून पोर्चमध्ये बसले. धोंडप्पा हाताची घडी घालून शेजारी उभे. काय चाललंय ते त्यांना वीरेशने सांगितलं होतं. ते रागावले नव्हते, पण रुसले होते.

"वंगणानं काय झालं असतं?" ते म्हणाले. "बंद झाला व्हता आवाज."

"गप बे," पाशाचाचा म्हणाले. "तुझ्या घोरण्यावर उशी दाबली तर बी आवाज बंद हुतोय."

शिवांजली शरणूला वर झोपवून खाली आली आणि पायरीवर बसली. तिला सगळं बघायचं होतं. अल्ताफने गाडी जॅकवर उचलून खाली लाकडी ठोकळे लावले, चाक काढलं, गोळ्याकडचे बोल्ट सोडले, बाकीचं काय काय सोडवलं आणि अखेर दांडा बाहेर ओढून फळीवर ठेवला. तिला वाटलं होतं दांडा म्हणजे नुसती सळई. पण याच्या टोकाला दोन बोटांचा लोखंडी चिमटा होता, त्याच्यात आडवा अडकलेला तसलाच दुसरा चिमटा, आणि दोघांच्या मध्ये अधिकाच्या चिन्हासारखा छोटा तुकडा. तोच क्रॉस. अल्ताफने हाताने हलवून दाखवलं: दांडा वर जात होता, खाली जात होता आणि तरी गोल फिरत होता.

"चाक खड्ड्यात गेलं तरी फिरायचं थांबत नाही ते यामुळे?" तिने विचारलं.

"बराबर. मनगट असतंय ना भाभी, तसं. हात कसा बी वाकवा, पोळी लाटणं चालूच."

"आणि हा तुटला तर?"

अल्ताफने वडिलांकडे पाहिलं. पाशाचाचा म्हणाले, "दुसऱ्या गाडीत तुटला तर गाडी उभी ऱ्हातीय. हिच्यात ह्यो दांडाच चाकाला सरळ धरून ठेवतोय. तुटला का चाक पोटाखाली दुमडतंय."

शिवांजलीने घाटातलं वळण डोळ्यांपुढे आणलं आणि पटकन पुसून टाकलं.

क्रॉसच्या चारही टोकांवर चार छोट्या लोखंडी वाट्या बसवलेल्या असतात, आणि प्रत्येक वाटीत आतून गोल, दाटीवाटीने उभ्या केलेल्या बारीक सुया. टोक त्या सुयांवर फिरतं. वाटी बाहेर पडू नये म्हणून वर तारेचं कडं, त्याला लॉक म्हणायचं. अल्ताफने कडी काढली, ठोकून जुनी वाटी बाहेर काढली आणि तिच्या तळहातावर उलटी केली. सुया पडल्याच नाहीत. तांबडं पीठ पडलं. हळदी-कुंकवातलं कुंकू ओलं होऊन सुकावं तसं.

"ह्या सुया?" तिने विचारलं.

"व्हत्या," अल्ताफ म्हणाला.

तिने बोटाने पीठ चोळलं. क्रॉसच्या टोकावर सुयांनी पाडलेल्या रेघा होत्या, एकीशेजारी एक, नखाने लागतील एवढ्या खोल. तिला भीती वाटायला हवी होती, पण तिला ते बघतच राहावंसं वाटत होतं. एवढ्याशा सुया, एवढी गाडी, आणि रोज सकाळी ती अडकित्त्यासारखी 'टक्'. म्हणजे ते लोखंड रोज तिला सांगत होतं.

नवीन क्रॉस बसवायची वेळ आली. अल्ताफने वाटीत ग्रीस भरलं, म्हणजे सुया जागेवर उभ्या राहतात. मग पान्याला लावायच्या दोन पोकळ गोट्या, एक छोटी एक मोठी, शिकंज्याच्या दोन्ही जबड्यांशी धरून वाटी आत दाबायला सुरुवात केली. पहिली गेली, लॉक बसलं. दुसरी गेली, तीही बसली. तिसरी थोडी आत गेली आणि अडली. अल्ताफने शिकंजा सोडून वरून हातोडी मारली. ठण्. ठण्. मग एकदम आवाज बदलला. ठप्प. मऊ, बसका.

अल्ताफचा हात थांबला. पाशाचाचांचे डोळे गढूळ, पण मान ताबडतोब वळली. शिवांजलीलाही ते कळलं. काय बिघडलं ते कळलं नाही, पण आवाज वेगळा आला एवढं कुणालाही कळलं असतं.

"बसली!" धोंडप्पा समाधानाने म्हणाले. "घाल आता लॉक."

"सूय आडवी पडली," पाशाचाचा म्हणाले. "काढ परत."

अल्ताफने लॉक लावून पाहिलं. खाचेत जाईना, वाटी केसभर वर राहिली होती. "घासून घालू का लॉक? बसंल," तो वडिलांना म्हणाला.

"घासून घाल, आन् सोमवारी तू बस त्या गाडीत," पाशाचाचा म्हणाले. "काढ म्हणतो ना, बे!"

अल्ताफ वाटी काढायला लागला. आणि त्याच वेळी वरच्या खोलीत शरणू उठला. उठला तो असा टाहो फोडून की पलीकडच्या घरातली बाई खिडकीत आली. शिवांजली उभी राहिली. अल्ताफने वर पाहिलं. पाशाचाचांनी वर पाहिलं. स्वयंपाकघरातून महानंदाबाईंची हाक आली, "अगं, उठलं बघ ते!"

धोंडप्पा शिकंज्याकडे बघत होते. हसत होते. शिवांजलीकडे वळून म्हणाले, "बघ, एवढं ठोकलं तरी पोरगं झोपलेलंच हाय. आता बस म्हणावं बिनघोर."

शरणूचं रडणं चालूच होतं.

शिवांजली वर गेली, त्याला कडेवर घेतलं, पाठीवर थोपटत जिन्यातच उभी राहिली. तिला एकेक गोष्ट आपोआप उलगडत गेली. मामांना ती 'टक्' कधी ऐकूच आली नव्हती. तिने सांगितलं म्हणून त्यांना कळलं की आवाज आहे. ती बसणार नाही म्हणाली म्हणून त्यांनी तो बंद करायचं ठरवलं, आपल्या बापाच्या पद्धतीने. आणि बंद झाला की नाही हे त्यांना कळायचा एकच मार्ग होता: पोरगं झोपलंय का? शरणू त्यांचे कान झाला होता.

ती खाली आली तेव्हा तिसरी वाटी परत निघाली होती. आडवी पडलेली सुई अल्ताफने चिमट्याने उभी केली. यावेळी हातोडी शेवटपर्यंत ठण् ठण् वाजली आणि लॉक चपकन बसलं. डावी बाजू झाली, मग उजवीही उघडून बघितली. तिथल्या सुया पिठाच्या वाटेवर होत्याच. तीही बदलली. संध्याकाळी अल्ताफने चक्कर मारून आणली. आवाज नाही, आणि आता तो खरंच नव्हता.

चहा झाल्यावर ती धोंडप्पांच्या समोर वेताच्या मोड्यावर बसली. बाजूला नाही, समोर. शरणूला त्यांच्या मांडीवर दिलं.

"मामा, कधीपासून ऐकू येत नाही?"

त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. मग तिच्या तोंडाकडे बघून त्यांच्या लक्षात आलं की या खेपेस ते चालणार नाही.

"येतंय की. थोडं थोडं. जिनिंगची घरघर जन्मभर ऐकली, कानाला आता तेवढंच मोठं कळतंय."

"आत्यांना माहीत आहे?"

"तिला वाटतंय मी ऐकत न्हाई." ते हसले. "लई वर्सं तेच बरं पडलं."

तिलाही हसू आलं, पण तिने ते आवरलं. "गाडी आता चांगली आहे. पण शरणू त्यात बसणार नाही. घाटात मागून ट्रॉली आली आणि हॉर्न दिला तर तुम्हाला कळेल का?"

"गाडी चालवायला डोळे लागतेत, पोरी."

"कानही लागतात, मामा. तुम्हीच तर शरणूकडून उसने घेतले होते."

धोंडप्पांनी शरणूच्या डोक्यावरच्या मऊ जावळातून हात फिरवला. बराच वेळ. "वीरेशला नेलतं तवा घाटात केस वाऱ्यावर उडत व्हते त्याचे," ते म्हणाले. "ते बघायचं व्हतं फक्त." मग शरणूला तिच्याकडे दिलं आणि आत निघून गेले. रात्री जेवायला आले नाहीत. महानंदाबाई ताट घेऊन गेल्या, परत आल्या. वीरेश हळूच म्हणाला, "एवढ्या एका दिवसाचा प्रश्न आहे, शिवू." तिला वाटलं, हो म्हणावं. मग तिने ते तांबडं पीठ आठवलं आणि नाही म्हणाली.

रविवारी पाशाचाचा स्वतःच आले, अल्ताफच्या मोटारसायकलवर मागे बसून. धोंडप्पांच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. आतून दोघांचे आवाज सबंध गल्लीला ऐकू जात होते.

"बहिरा झाला आन् मला सांगितलं न्हाई?"

"तू आंधळा झालास ते तू सांगितलंस का?"

"मला मोतीबिंदू झालाय बे! सगळ्या गावाला माहीत हाय!"

"मंग?"

"मंग मी बसतो शेजारी. तुझे डोळे, माझे कान. मागून हॉर्न आला का तुझ्या गुडघ्यावर मारतो."

"हळू मारशील?"

"न्हाई."

आणि सोमवारी तसंच निघाले. पुढे उघडी, तिच्यात दोन म्हातारे, दोघांनी डोक्याला उपरणी बांधलेली. मागे वीरेशचा डबा. मागच्या सीटवर महानंदाबाई, शिवांजली, आणि तिच्या मांडीवर नव्हे तर पट्टा असलेल्या लहान खुर्चीत शरणू. त्या खुर्चीसाठी वीरेशला आदल्या दिवशी लातूर गाठावं लागलं होतं. घाटाच्या प्रत्येक वळणावर शिवांजली पुढच्या काचेतून उघडीच्या मागच्या चाकाकडे बघत होती. चाक सरळ होतं. एकदा मागून उसाच्या ट्रॉलीने हॉर्न दिला. पुढच्या गाडीत पाशाचाचांचा हात उठला आणि खाली आला. उघडी लगेच डावीकडे सरकली. धोंडप्पांनी काहीतरी ओरडून म्हटलं, बहुतेक शिवी.

जावळ धोंडप्पांच्याच मांडीवर काढलं. शरणू एवढा ओरडला की देवळाच्या आवारातल्या लोकांनी कान झाकले. धोंडप्पा मात्र निवांत बसले होते, आणि त्या दिवशी बहिरेपणाचं तेवढं एक चांगलं झालं.

पुढच्याच आठवड्यात तिने त्यांना गावातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. मशीन मिळालं, उजव्या कानात बसवायचं. घरात ते लावतात. महानंदाबाई आता पूर्वीसारखं काहीही बोलत नाहीत. बोलल्या की खोलीतून उत्तर येतं.

पण त्यांची उघडीतून दर सोमवारची परळी चालू झालीय. पाशाचाचा असले तर शिवांजलीचा जीव जागेवर असतो. आता त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलंय, धुळीत जाऊ नका म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय, आणि धोंडप्पा 'थांबतो' म्हणालेले नाहीत. वारा लागला की मशीनमधून शिट्टी येते म्हणून घाट लागताच ते मशीन काढून सदऱ्याच्या खिशात ठेवतात, असं अल्ताफने तिला सांगितलंय.

म्हणून तिचं तुमच्याकडे एवढं मागणं आहे. सोमवारी सकाळी अंबाजोगाईहून परळीकडे घाट उतरत असाल आणि पुढे टप नसलेली, बुटकी गाडी दिसली, तर आधी बघा, शेजारची सीट रिकामी आहे का. रिकामी असेल तर मागून हॉर्न देऊ नका. रस्ता मोकळा असेल तेव्हा पुढे जा, सरळ जागा बघून कडेला थांबा आणि हात दाखवा. ते थांबतील, गाडीची चौकशी करणाऱ्यासाठी ते नेहमी थांबतात. समोर उभे राहा, तोंड दिसेल असे, आणि विचारा, मामा, बरे आहात ना? उजव्या कानात मशीन आहे का तेवढं बघा. नसेल तर ते खिशात आहे. लावायला सांगा, लावेपर्यंत उभे राहा. सुनेने सांगितलंय असं मात्र म्हणू नका.